गाव विकायला काढले कोणी?

गोव्यातील एखाद्या गावची ग्रामसभा शेतजमिनीवर किंवा डोंगरउतारावर येऊ घातलेल्या गृहप्रकल्पाविरुद्ध ठराव संमत करते, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्या ग्रामस्थांच्या कपाळी एक ठरावीक शिक्का मारला जातो : विकासविरोधी. शिक्का मारणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक असतात, जमिनीचे दलाल असतात आणि, खेदाने म्हणावे लागते, लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधीही असतात. ग्रामसभेत विचारला गेलेला प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. प्रश्न अगदी साधा असतो. जेथे आज पन्नास घरे आहेत तेथे पाचशे बिऱ्हाडे आली, तर त्यांनी प्यायचे पाणी कोठून येणार आणि त्यांचे सांडपाणी कोणाच्या विहिरीत उतरणार? या प्रश्नाला उत्तर न देता प्रश्नकर्त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, ही गेल्या दोन दशकांत तेथील राजकारणाची रीतच होऊन बसली आहे.

वस्तुतः घरे बांधू नयेत असे कोणत्याही गावाने म्हटलेले नाही. आपल्या भूमीचे काय करायचे हे आपल्याला न विचारता पणजीच्या कार्यालयात बसून कोणी ठरवू नये, एवढेच गाव म्हणत आहे. आणि ही मागणी नवी नाही. गोमंतकातील गाव स्वतःच्या जमिनीचा कारभार पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून करीत आले आहे.

गावकरी : एक विसरलेली राज्यघटना

अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली गोव्यातील गावकऱ्यांच्या रूढी आणि वहिवाटी लिहून काढल्या. पोर्तुगीज इतिहासात ती सनद 'फोराल' या नावाने प्रसिद्ध आहे. परकीय सत्तेला आपला सारा निश्चित करायचा होता, म्हणून तिने हा उद्योग केला. गावांवर उपकार म्हणून नव्हे. पण त्या निमित्ताने एक गोष्ट कायमची नोंदली गेली. गावची जमीन ही गावकऱ्यांच्या संस्थेची होती. ती संस्था शेते लिलावाने कसायला देई. आलेल्या उत्पन्नातून आधी बांधांची दुरुस्ती, देवस्थानाचा खर्च, गावच्या सेवेकऱ्यांचे मानधन आणि राजाचा सारा भागवला जाई. मग जे उरेल ते गावकऱ्यांच्या वांगडांत 'झोण' म्हणून वाटले जाई. पोर्तुगीजांनी या संस्थेचे नाव बदलून 'कोमुनिदाद' केले, देवळे पाडली, तिच्या कारभारावर सरकारी अधिकारी बसवला आणि १९०४ साली तिची संहिता केली. तरीही दोनशेहून अधिक कोमुनिदादी आजही कागदोपत्री जिवंत आहेत.

या व्यवस्थेत दोषही होते. ती जन्मावर आधारलेली होती, कष्टकऱ्याला तीत पूर्ण वाटा नव्हता, आणि मुक्तीनंतर कूळ कायदे आले ते न्याय्यच होते. पण त्या व्यवस्थेला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जमीन हा सुटा सुटा तुकडा नसतो. एका शेताचे पाणी दुसऱ्या शेतातून जाते, एका डोंगराचा झरा दहा कुळागरांना पोसतो. आज नियोजनाच्या नावाखाली ज्ञान पाजळणाऱ्यांना हे एवढे साधे सत्य समजावून सांगावे लागते.

खाजन जमिनींचेच पाहा. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या खाड्यांच्या काठी सुमारे अठरा हजार हेक्टर भूमी गोमंतकीय पूर्वजांनी समुद्राच्या भरतीकडून जिंकून घेतली. चिखल, दगड आणि पेंढा यांचे बांध घातले, बांधांत 'मानस' म्हणजे लाकडी दारे बसवली. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की उघडते. आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते, आणि मानसाच्या तोंडाशी मिळणारी मासळी लिलावात जाऊन बांधाच्या दुरुस्तीला पैसा देते. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसांनी उभारलेले हे अभियांत्रिकीचे काम आहे. अशा खाजनात एकाने चार ट्रक माती टाकून भराव केला, तर पाणी त्याच्या शेजाऱ्याच्या भातात शिरते. म्हणूनच खाजनातील जमिनीवर मालकाचे नाव असले तरी तिचे पाणी कधी एकट्या मालकाचे नव्हते.

डोंगरावरील सड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. जांभ्या दगडाचे हे उघडे माळ दिल्लीहून आलेल्या माणसाला ओसाड दिसतात. 'पडीक जमीन, समुद्राचे दृश्य, सुवर्णसंधी' असे तो म्हणतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीनशे सेंटिमीटर पाऊस पडतो, तो याच सच्छिद्र माळात मुरतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पायथ्याच्या झऱ्यांतून पाझरत राहतो. त्या झऱ्यावर पोफळीची बाग, त्या बागेवर एक कुटुंब, त्या कुटुंबाचा गावच्या देवळात मान. वरच्या माळावर काँक्रीट ओतले आणि कूपनलिका खोल गेल्या की खालचा झरा एक दिवस आटतो. कोणी फिर्याद करायची? बांधकाम तर कायदेशीर असते. परवाना भिंतीवर चिकटवलेला असतो.

नकाशातील रंग कसा बदलतो?

गोव्याचे एकंदर क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही कमी. त्यातून पूर्वेकडील अभयारण्ये, खाणी, नद्यांची पात्रे वजा केली की वस्तीला आणि शेतीला उरणारी भूमी अगदी थोडी. १९७४ साली नगर व ग्राम नियोजन कायदा झाला तो याच कारणाने. कोठे वस्ती, कोठे शेती, कोठे बागायत, कोठे काहीच नाही, हे प्रादेशिक आराखड्याने आधी जाहीर करावे आणि मग प्रत्येकाने त्याप्रमाणे चालावे, ही त्यामागची कल्पना. पहिला आराखडा १९८६ मध्ये आला.

पुढचा आराखडा 'प्रादेशिक आराखडा २०११' या नावाने ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि गोवेकरांनी तो उघडून पाहिला तेव्हा त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. भातशेती, बागायती, डोंगरउतार, एवढेच काय, जंगलाचे पट्टेही वस्तीच्या रंगात रंगवलेले होते. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या पुढाकाराने 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर लोटलेल्या गर्दीत वास्तुविशारद होते तसे नांगर धरणारे होते, देवळाचे महाजन होते तशा चर्चमधून थेट आलेल्या म्हाताऱ्या बायकाही होत्या. जानेवारी २००७ मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांना आराखडा मागे घेण्याची घोषणा करावी लागली. त्याच वर्षाअखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांचाही गाशा गुंडाळावा लागला. संघटित समाजशक्तीपुढे सत्ता नमते, याचे ते उत्तम उदाहरण होते.

त्यानंतर एक चांगली गोष्ट घडली, आणि तिची आठवण आज मुद्दाम करून द्यायला हवी. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात चार्ल्स कुरैय्या यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा, मूळ गोमंतकीय वास्तुविशारद होता. मसुदा नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. गावोगावी लोक ते नकाशे जमिनीवर पसरून बसले. येथे ओढा आहे, तो तुम्ही दाखवलेला नाही. ही देवराई आहे. येथे मानस आहे. या वाटेने आमची पालखी जाते. नकाशा काढणाऱ्याला जे दिसत नाही ते तेथे राहणाऱ्याला दिसते. 'प्रादेशिक आराखडा २०२१' नावाचा तो दस्तऐवज निर्दोष होता असे नाही; शेवटच्या हातात काही नकाशांवर नको ते रंग चढल्याच्या तक्रारीही झाल्या. तरी गावांना दोन वर्गांत विभागून बांधकामाची मर्यादा ८० आणि ६० चटई निर्देशांकावर ठेवावी, पंचवीस टक्क्यांहून अधिक उतारावर हात लावू नये, खाजने आणि वने पहिल्या श्रेणीची संवेदनशील भूमी मानावी, अशी तत्त्वे त्यात बसली होती.

२०११ मध्ये तो आराखडा पूर्ण झाला. २०१२ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने तो स्थगित ठेवला. पुढे त्याच आराखड्याचा आधार पुन्हा घेतला गेला, पण तोवर त्याच्यातून निसटण्याच्या वाटा तयार होऊ लागल्या होत्या. २०१८ मध्ये कायद्यात कलम १६ ब घालण्यात आले. ज्याला आपल्या जमिनीचा वर्ग बदलून हवा असेल त्याने अर्ज करावा, अशी ती सोय. ते कलम न्यायालयीन आव्हानात अडकल्यावर २०२३ मध्ये १७ (२) आले. त्याची भाषा तर मासलेवाईकच होती. आराखडा करताना 'अनवधानाने झालेली चूक' किंवा 'विसंगती' दुरुस्त करणे, हा म्हणे त्याचा हेतू. लोकांच्या हरकती आधी मागवण्याची गरज नाही. मालकाने अर्ज करायचा, शुल्क भरायचे, खात्याने चूक दुरुस्त करून द्यायची.

आता चूक म्हटली की ती दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. कधी वस्तीची जमीन चुकून शेती दाखवली जाईल, तर कधी शेतीची जमीन चुकून वस्ती. पण येथे दुरुस्तीचा ओघ एकाच दिशेने वाहिला. भातशेती, बागायत, नैसर्गिक आच्छादन यांची लाखो चौरस मीटर जमीन वस्तीत गेली. आराखडा काढणारे सारे अधिकारी, नकाशे तपासणारी सारी गावे केवळ शेतजमिनीच्याच बाबतीत झोपेत होती आणि त्यांची चूक नेमकी जमीन विकत घेणाऱ्यालाच आधी दिसली, यावर कोणी विश्वास ठेवावा?

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालील नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या आणि कलमाची व्याप्ती आवळून टाकली. तुकड्या-तुकड्याने वर्ग बदलत गेले तर आराखड्याला अर्थच उरत नाही, हे जे गावातला अडाणी समजला जाणारा माणूस सांगत होता, तेच न्यायालयापुढेही मांडले गेले होते. पण तोवर २०२४ मध्ये ३९ अ हे आणखी एक कलम कायद्यात आलेले होते. येथे तीस दिवसांची हरकतींची मुदत ठेवण्यात आली, ही पूर्वीपेक्षा सुधारणा खरी. तथापि मूळ रोग तोच राहिला : एक अर्ज, एक सर्व्हे क्रमांक, एक निर्णय. शंभर अर्ज वेगवेगळे मंजूर झाले की शंभरांचा मिळून एक गाव बुडतो, पण त्या बुडण्यावर कोणत्याही फाइलीत सही नसते.

सरकारे बदलली, मंत्री बदलले, कलमांचे आकडे बदलले. कोणता पक्ष सत्तेवर आहे यावरून डोंगराचा उतार बदलत नाही आणि पाणीही वर चढत नाही. सत्तेत कोण आहे हे पाहून ज्यांचा आवाज चढतो किंवा बसतो, त्यांनी गावाच्या नावाने बोलू नये. २००६ मध्ये जे अयोग्य होते ते आज योग्य कसे ठरेल?

'लोकांना घरे नकोत काय?'

गृहप्रकल्पांच्या बाजूने सर्वात आधी फेकला जाणारा मुद्दा हा. ऐकायला तो मोठा मानवतावादी वाटतो. मग २०११ च्या जनगणनेकडे पाहावे. त्या जनगणनेत गोव्यात सुमारे पावणेसहा लाख घरे मोजली गेली आणि त्यांतील सुमारे सव्वा लाख रिकामी आढळली. म्हणजे जवळपास प्रत्येक पाचव्या दाराला कुलूप. राज्याची लोकसंख्या तेव्हा साडेचौदा लाखांच्या आसपास होती. ही कुलपे कोणा बेघराची वाट पाहत नव्हती. काही विदेशात गेलेल्यांची वडिलोपार्जित घरे होती, आणि कितीतरी वर्षातून पंधरा दिवस उघडणारी किंवा भाव वाढेपर्यंत बंद ठेवलेली सदनिका होती. त्यानंतर दीड दशक बांधकाम थांबलेले नाही, हे बार्देशातील कोणत्याही रस्त्याने जाणाऱ्याला दिसते.

ज्याला खरोखर घर हवे आहे तो कोठे आहे? तो गावातच आहे. तो मुंडकार आहे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या झोपडी बांधून राहिलेल्या माणसाला १९७५ च्या मुंडकार कायद्याने पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क दिला. पण त्या हक्काचे दावे मामलेदारांच्या कचेरीत वर्षानुवर्षे धूळ खात पडतात. घराचे छप्पर बदलायचे तर मुंडकाराला चार दाखले मागितले जातात. पाचशे सदनिकांच्या प्रकल्पाची फाइल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तिला पाय फुटतात. गावातील शिक्षकाचा मुलगा, पोस्टमनची मुलगी, बोटीवर नोकरी करून परतलेला तरुण यांना आपल्याच गावात दोन खोल्या विकत घेता येत नाहीत, कारण तेथील भाव आता दिल्ली आणि मुंबईच्या खिशाला पाहून ठरतो. ज्या घरांत गावाचे मूल राहू शकत नाही त्यांना लोकांसाठीची घरे म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

दुसरा मुद्दा मालकी हक्काचा. 'माझी जमीन, मी विकीन किंवा बांधीन, गावाचा काय संबंध?' या युक्तिवादात तथ्य आहे असे वरवर वाटते. शेती परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, बांध फुटला तर दुरुस्ती होत नाही, आणि दहा-वीस वारसांची नावे एक-चौदाच्या उताऱ्यावर लागलेली असतात. (गोव्यात सर्वांना समान असलेल्या नागरी कायद्याचे देशभर कौतुक होते, ते योग्यच आहे. पण मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व वारसांना वाटा देणाऱ्या त्या कायद्यामुळे जमिनीची मालकी कशी विखुरते आणि मुंबई, लिस्बन, लंडनला असलेल्या सह्या गोळा करणाऱ्या दलालाचे कसे फावते, याचाही कधी विचार व्हावा.) शेतकऱ्याला शेती ठेव म्हणायचे तर शेती टिकेल अशी व्यवस्थाही उभी करायला हवी, हे मान्यच आहे. पण त्या जमिनीला आज जो भाव येतो तो मालकाच्या कष्टाने आलेला नाही. गाव हिरवे राहिले, विहिरी गोड राहिल्या, रात्री शांतता राहिली, देऊळ आणि तळी राखली गेली, म्हणून तो भाव आहे. म्हणजे जाहिरातीच्या रंगीत पुस्तिकेत जे विकले जाते ते शेजाऱ्याचे शेत असते! प्रकल्पाच्या गच्चीतून दिसणारे ते हिरवे भात पिकवणारा शेतकरी मात्र त्या व्यवहारात कोठेच नसतो.

गावानेही आपल्या घरात डोकावून पाहावे. काल स्वतःची जमीन चांगल्या भावाने विकून आज शेजाऱ्याच्या विक्रीला विरोध करणारे गावात आहेत. निवडणुकीत प्रकल्पांविरुद्ध शपथा वाहून नंतर पंचायतीच्या बैठकीत मुकाट्याने हात वर करणारे पंचही आहेत. ग्रामसभेला वीस माणसे आणि क्रिकेटच्या सामन्याला दोनशे, हे चित्र बदलल्याशिवाय केवळ न्यायालयांच्या जिवावर गाव टिकणार नाही. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभा दिली, पण बांधकाम परवान्याच्या बाबतीत तिचा ठराव बंधनकारक नाही. पंचायतीने परवाना नाकारला की अर्जदार वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करतो आणि तेथे नियमांची पूर्तता एवढेच पाहिले जाते. पाणी पुरेल की नाही हे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे शोधायला गेल्यास प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटासंबंधीच्या अहवालात नेमकी हीच उणीव दाखवली होती आणि कोठे काय व्हावे याचा निर्णय ग्रामसभांपासून सुरू करा असे सुचवले होते. त्या अहवालाचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

परका कोण?

या चळवळीत अलीकडे एक सूर ऐकू येऊ लागला आहे, त्याचाही समाचार घ्यायला हवा. 'परप्रांतीयांना हाकला' हा तो सूर. दिल्लीचा, पुण्याचा, बंगळुरूचा माणूस गोव्यात परका नाही. तो याच देशाचा नागरिक आहे आणि गोवा मुक्तीसाठी सत्याग्रह करताना पोर्तुगीज गोळ्या झेललेल्यांत महाराष्ट्राचे, मध्य प्रदेशाचे, पंजाबचे सुपुत्र होते. गाडीची नंबरपाटी पाहून माणसाला शिव्या देणाऱ्यांनी गावाची बाजू दुबळी केली आहे. बांधकाम व्यावसायिकाला नेमके हेच हवे असते. प्रश्न पाण्याचा न राहता भाषेचा झाला की तो निश्चिंत होतो. शिवाय प्रत्येक मोठ्या प्रकल्पात जमीन देणारा, मध्यस्थी करणारा आणि सही करणारा बहुधा स्थानिकच असतो.

पण याचा अर्थ गावात राहायला येणे आणि गावात गुंतवणूक करणे यांत फरक नाही असा नव्हे. जो कुटुंबासह येतो, मुलांना गावच्या शाळेत घालतो, शिगम्याला मांडावर उभा राहतो, तो चार वर्षांत गावचाच होतो. गोव्यातल्या गावांनी अशा कित्येकांना पोटात घेतले आहे. शिवोलीचा जागर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून साजरा करतात, एवढे ते गाव मोठ्या मनाचे आहे. बंद कुलपाशी मात्र नाते जडत नाही. मांडावरचा नमनाचा मान ज्या घराण्याचा, त्या घराण्याची जमीन गेली, मुले बाहेर गेली, आणि मांडाच्या शेजारी पोहण्याच्या तलावासह चौदा बंगले उभे राहिले, तर पौषातल्या धालोला कोण फेर धरणार? रात्री ढोल वाजला म्हणून उद्या पोलिसांत तक्रार करणारा तो बंगलेवालाच असेल. देवस्थान, राखणदार, देवराई, तळी ही गावाची सजावट नव्हे. त्या भूमीशी बांधलेल्या माणसांनी ती राखली; माणसे उखडली की ती आपोआप प्रेक्षणीय स्थळे होतात.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातलाही आहे

हे सर्व वाचून महाराष्ट्रातील वाचक 'गोव्याचे दुर्दैव' म्हणून पान उलटील, तर ते बरोबर होणार नाही. गोव्यातील 'दुसरे घर' विकत घेणाऱ्यांत पुण्या-मुंबईतील सुसंस्कृत, सुशिक्षित, सणवार पाळणारी मराठी कुटुंबे कमी नाहीत. मुलीच्या लग्नानंतर हाती चार पैसे उरले, निवृत्तीची रक्कम मिळाली, म्हणजे रविवारच्या पुरवणीतील जाहिरात मोहात पाडते. पैसे भरण्यापूर्वी किती जण विचारतात की ही जमीन पाच वर्षांपूर्वी आराखड्यात काय होती? बागायत होती की भातशेत? तिचा वर्ग कोणत्या कलमाखाली बदलला? सांडपाणी कोठे जाते? वाळूच्या जमिनीत पाण्याची पातळी वर असते. तेथे दोनशे सदनिकांच्या शोषखड्ड्याचे पाणी शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात संकुलाला टँकर येतो तो कोणत्या गावच्या झऱ्यावरून येतो, हेही विचारता येईल. गोव्याच्या उत्तर भागाचे बरेचसे पाणी दोडामार्ग तालुक्यातील तिळारी धरणातून येते. कालवा फुटला की बार्देश आणि पेडण्याचे नळ कोरडे पडतात, हे वारंवार घडले आहे.

दुसरे असे की, हे वारे आता सीमेअलीकडे आले आहे. मोप येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली आणि पेडण्यापाठोपाठ सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले येथील जमिनींकडे त्याच डोळ्यांनी पाहिले जाऊ लागले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण किनाऱ्यावरील शंभराहून अधिक गावांत विकास केंद्रे उभारण्यासाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाकडे गावांचे नियोजन! गोव्यात २०१८ मध्ये पणजीलगतची सांताक्रूझ आणि सांत आंद्रे परिसरातील गावे शहरी नियोजन प्राधिकरणात ओढली गेली होती. ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे ती वगळण्यात आली. पंचायतीच्या हातून नियोजन काढून ते प्राधिकरणाकडे जाणे म्हणजे काय, हे त्या गावांनी वेळीच ओळखले होते. कोकणातील गावांना ते ओळखायला किती अवधी मिळेल?

कोकणात तर परिस्थिती अधिक नाजूक आहे. सातबारा सामाईक, हिस्सेदार मुंबईत, आणि गावी घरात दोन वृद्ध. दलाल गिरगावात, डोंबिवलीत, विरारला जाऊन एकेका हिस्सेदाराची सही घेतो. प्रत्येकाला वाटते, आपला हिस्सा तो केवढा, दोन गुंठ्यांचा. त्याने काय होणार? सगळे दोन-दोन गुंठे एकत्र आले की सबंध सडा एका कंपनीच्या नावावर झालेला असतो आणि गावाला ते कुंपण पडल्यावर कळते.

गोव्यातील गावांनी या बाबतीत काही कामाच्या गोष्टी शिकून ठेवल्या आहेत. राजपत्रातील सूचनेत गावाचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्र एवढेच असते; डोंगर की शेत हे त्यात लिहिलेले नसते. म्हणून काही गावांत दोन-तीन तरुण दर आठवड्याला राजपत्र चाळतात, सर्व्हे क्रमांक एक-चौदाच्या उताऱ्याशी आणि आराखड्याच्या नकाशाशी ताडून पाहतात आणि त्या जागेवर जाऊन छायाचित्रे घेतात. हरकत अर्जात 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहून भागत नाही. उतार किती, ओढा कोठून जातो, जवळच्या विहिरी किती, रस्त्याची रुंदी किती, नळाला दिवसातून किती तास पाणी येते, हे आकड्यांनिशी लिहावे लागते, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा लागतो. पुढे न्यायालयात तोच शिक्का उपयोगी पडतो. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याने तलाठ्याकडून सातबारा आणताना आपल्या गावाचे नाव विकास केंद्रांच्या यादीत आहे की नाही, आणि असल्यास हरकतीची मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे तरी विचारून यायला हरकत नाही.